सातशेअकराची भाकरी

"ताई, जरा मागं सरा की. पदर चुलीत जाईल," सुगलाबाई मला तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि मी तिसऱ्यांदा एक पाऊल मागे सरले. परत पुढे कधी आले ते माझं मलाच कळलं नाही.

१९८८ सालचा मार्च होता. बोरखेडच्या ज्वारी संशोधन केंद्राचं स्वयंपाकघर म्हणजे गोदामाला टेकून काढलेली पत्र्याची खोली. आत दोन चुली, एक परात आणि फळीवर पिठाचे दोन डबे. एका डब्यावर 'क' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'ख'. एकात मालदांडी. आमच्या भागात ज्वारी म्हटलं की ही, बाकीच्या सगळ्या हिच्यापुढे पोरीसोरी. दुसऱ्यात आमच्या केंद्रावर तयार झालेलं नवं वाण. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सातशेअकरा. कुठल्या डब्यात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. दोन्ही पिठं एकाच सकाळी, एकाच गिरणीतून मी स्वतः दळून आणली होती. शेजारच्या खोलीत दहा माणसं जेवायला बसावीत तशी रांगेने बसली होती: ड्रायव्हर, पहारेकरी, तीन मजूर आणि बाकी आसपासचे शेतकरी. त्यांनी दोन्ही भाकऱ्या खायच्या आणि पाचापैकी गुण द्यायचे. भाकरी कुठल्या पिठाची ते त्यांना ठाऊक नव्हतं, भाजणाऱ्या सुगलाबाईंना ठाऊक नव्हतं. निःपक्षपाती चाचणी कशी करावी याचा धडा पुस्तकात छापावा तर आमचा छापावा, अशी माझी तेव्हा खात्री होती. एकोणतीस वर्षांची होते, खात्रीला तोटा नव्हता.

या भाकरीवर काय अवलंबून होतं ते सांगते. सातशेअकरा एकरी सव्वापट पिकत होती. कणीस मोठं, दाणा पांढरा, कीड कमी. पण शेतकऱ्याला काहीही सांगा, तो शेवटी एकच विचारतो, "पिकंल हो, पण भाकरी कशी लागंल?" वाणांना मान्यता देणाऱ्या समितीनेही तेच विचारून आमचा प्रस्ताव आदल्या वर्षी परत पाठवला होता. आता एप्रिलात पुन्हा बैठक होती. आणि ज्यांनी बारा वर्षं या एका वाणापायी घालवली ते हुंडेकरी सर मेअखेरीस निवृत्त होत होते. या बैठकीत झालं तर झालं, नाहीतर त्यांनी वाढवलेलं पोर दुसऱ्याच्या हाती सोडून जायचं.

मला ते व्हायला हवं होतं. सरांना हवं होतं त्याहून जास्त मला हवं होतं. चार वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी हिंडत होते, तेव्हा दोन केंद्रांवरच्या साहेबांनी मला, बाईमाणूस उन्हात काय टिकणार, असं तोंडावर सांगून वाटेला लावलं होतं. हुंडेकरी सरांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, खुंटीवरची टोपी काढून हातात दिली आणि म्हणाले, "ढोबळे, उद्या सकाळी सहाला या." बस्स. त्या टोपीचे उपकार फेडायची संधी मला त्या भाकरीत दिसत होती.

निकाल लागला. 'क'ला सरासरी तीन पूर्णांक सहा. 'ख'ला चार पूर्णांक तीन. 'ख' म्हणजे सातशेअकरा.

मी आकडे तीनदा मांडले आणि धावत सरांच्या खोलीत गेले. सर कधी फार बोलायचे नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, मालदांडीला हरवलं म्हणजे काय गंमत आहे का. पहारेकऱ्याने गावातून पेढे आणले. आमचे हेडक्लार्क रशीद तांबोळी यांनी त्याच दुपारी अहवाल टाइप करायला घेतला. शुक्रवारी माणूस तो घेऊन विद्यापीठात जाणार होता. तो दिवस मंगळवार होता.

बुधवारी सकाळी सुगलाबाई शेतात भेटल्या. त्या आमच्याकडे रोजंदारीवर होत्या, सातशेअकराच्या पहिल्या वर्षापासून. फुलोरा यायच्या आधी कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, परागकण इकडचे तिकडे जाऊ द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. बारा वर्षांत या वाणाच्या हजारो कणसांना त्यांनी पिशव्या बांधल्या असतील. पेढा मिळाला का, असं मी विचारलं. त्या खुशीत हसल्या.

"मिळणार न्हाई तर! आपल्या पिठाला म्या चांगला घाम निघस्तोवर मळलं. दुसऱ्याला आपलं चार हात मारले."

मी विचारलं, आपलं पीठ कुठलं ते तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला पायजे? त्या 'क'च्या डब्याला हात लावला तर तुम्ही खिडकीभाईर बघत हुत्या. 'ख'चा डबा उघडला की आल्या चुलीपाशी. तीनदा मागं सारलं तुमास्नी, तरी तितंच. भाकरी तव्यावर टाकली तर तुमचं तोंड बगायचं, लेकीला बगाय पाव्हणे आल्यावानी." त्या पुन्हा हसल्या. "डब्यातलं मला काय कळतंय? तुमचं तोंड कळलं."

त्यांना वाटलं होतं मी शाबासकी देईन. मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून इतरांना ऐकवत आले होते.

पुढचा दीड दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आधी स्वतःला समजावलं, की जरा जास्त मळल्याने असा काय फरक पडतो? मग बुधवारी संध्याकाळी खोलीवर दोन्ही प्रकारे भाकऱ्या करून पाहिल्या. फरक पडतो. ज्वारीचं पीठ मळाल तसं ऐकतं. चार हात मारलेल्या पिठाची भाकरी काठाला फाटते, चावायला कोरडी लागते. चांगलं मळलेलं पीठ लोण्यासारखं थापलं जातं. हे कुठल्याही घरातल्या बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. मी पीएचडी होते, म्हणून मला करून बघावं लागलं.

मग दुसरा विचार आला. तो जास्त वाईट होता. हे कुणालाच माहीत नाही. सुगलाबाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि मी गप्प बसले की झालं. सर सुखाने निवृत्त होतील. वाण तर चांगलंच आहे! मनाला एकदा वकिली करायला बसवलं की ते बाजू कमी पडू देत नाही. गुरुवारी दुपारी तांबोळींनी टाइप केलेला अहवाल सहीसाठी माझ्या टेबलावर आणून ठेवला. खाली माझं नाव होतं, त्याखाली सरांचं. माझं नाव वाचलं आणि मला स्वतःची किळस आली. मी कागद उचलला आणि सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं.

माझं संपल्यावर सरांनी खुर्ची मागे सारून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला रडू फुटायचं बाकी होतं. म्हणजे यांनाही तेच सुचलं! ज्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटत होतं तो दार लोटून विचारत होता की कुणाला ठाऊक आहे. मी म्हटलं, मला, सुगलाबाईंना आणि आता तुम्हाला.

"तांबोळींना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, सर."

"ठीक आहे. बाहेर बसा आणि तांबोळींना आत पाठवा."

मी बाहेरच्या बाकावर बसले. आत काय ठरतंय ते ऐकू येत नव्हतं. सही केलेला अहवाल घेऊन तांबोळी बाहेर येतील, मग मी काय करायचं, याची मनात जुळवाजुळव करत होते. राजीनामा लिहायला मला दोनच ओळी लागल्या असत्या. दहा मिनिटांनी तांबोळी बाहेर आले. हातात अहवाल नव्हता. माझ्याकडे न बघता ते सरळ गोदामाकडे गेले. सरांनी मला परत आत बोलावलं.

अहवाल फाडून टोपलीत टाकलेला होता.

"तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, सुगलाबाईंना ठाऊक आहे," सर म्हणाले. "म्हणजे आपण तिघंही बिघडलोय. तांबोळी कोरे आहेत. आता सगळं तेच करतील. पुढच्या बुधवारी पुन्हा चाचणी. त्या दिवशी तुम्ही आणि मी केंद्रावर नसायचं."

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. मला काय वाटलं होतं ते मी त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, मला तुमच्या तोंडावर दिसलंच होतं.

तांबोळींना सरांनी सांगितलं होतं ते असं: नमुने तीन. एक मालदांडी, एक सातशेअकरा, तिसरा त्यांच्या मर्जीचा, आम्हाला न सांगता. दळून त्यांनीच आणायचं. डब्यांना तीन रंगांचे दोरे बांधायचे, यादी पाकिटात बंद करून गावच्या पोस्टमास्तरांकडे द्यायची आणि भाकऱ्या होईस्तोवर स्वतःही पोस्टात जाऊन बसायचं. खाणाऱ्यांनी गुणांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या.

सुगलाबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर धान्य पाखडत होत्या. ऐकता ऐकता सूप थांबलं.

"म्हंजे म्या लबाडी केली म्हणा की."

"तुम्ही नाही. मी केली. मला कळलंही नाही, एवढाच काय तो फरक."

बारा वर्षं पिशव्या बांधल्या त्या हाताला मी खोटं ठरवत होते, आणि ते मला दिसत होतं. शेवटी त्यांनी सूप उचललं.

"पुन्यांदा करते. पण किती मळायचं ते मला कुनी शिकवायचं न्हाई. म्या शंभर मोजते. समद्या पिठाला शंभर." सूप दोनदा हलवून त्या म्हणाल्या, "आन् तुमचं तोंड तेवढं लांब ठिवा."

बुधवारी सर आणि मी बोरखेड फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात सकाळी नऊला जाऊन बसलो. सरांनी भाजलेल्या शेंगांची पुडी आणली होती. एसटी येऊन थांबली की कंडक्टर विचारायचा, कुठं जायचंय? सर सांगायचे, कुठे नाही. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने आमच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

मग सर आपणहून बोलले.

"ढोबळे, तुम्ही भाकरीपाशी उभ्या राहिलात ते चार तास. मी त्या वाणापाशी बारा वर्षं उभा आहे. शेतात फिरताना सातशेअकराचा वाफा आला की माझे पाय आपोआप हळू होतात. बाकीच्या वाफ्यांत रोग दिसला की मी रोग लिहितो. तिथे दिसला की आधी वाटतं, पाणी कमी पडलं असेल."

"मग आकडे?" मी घाबरून विचारलं. "सव्वापट पिकतं ते?"

"ते वजनकाट्याचे आहेत, आणि काटा मजूर बघतात. म्हणूनच मी कधी काट्यापाशी उभा राहिलो नाही. भाकरीला काटा नाही, हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्यांनी एक शेंग फोडली. "लळा लागणारच. ज्याला लळा नाही तो बारा वर्षं उन्हात कशाला जाईल? फक्त लळा असलेल्या माणसाने निकालाच्या दिवशी गावाबाहेर बसावं."

दुपारी दीडला तांबोळी सायकलवरून बोलवायला आले. केंद्रावर मडकं फोडलं, चिठ्ठ्या मांडल्या. लाल दोऱ्याला तीन पूर्णांक नऊ. हिरव्याला तीन पूर्णांक सात. पिवळ्याला तीन पूर्णांक पाच. पोस्टमास्तर स्वतः पाकीट घेऊन आले होते. असा सन्मान पोस्टाला रोज मिळत नाही. सरांनी पाकीट फोडलं नाही, तांबोळींनाच वाचायला सांगितलं.

"लाल, मालदांडी. हिरवा, सातशेअकरा."

हरलो होतो. थोडक्यात, पण हरलो होतो. सुगलाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी सरांकडे बघायचं टाळलं. सर एवढंच म्हणाले, "लिहा. आहे तसं लिहा."

"साहेब, पिवळा राहिला," तांबोळी म्हणाले. हा माणूस एरवीही अडखळतच बोलायचा आणि आज तर त्यांच्या कपाळावर घाम होता. "तिसरा माझ्या मर्जीचा घाला म्हणालात. चुकलं असेल तर माफ करा. पिवळ्यातही मालदांडीच आहे. एकाच पोत्यातली, एकाच दळणातली. मी तीच दोन डब्यांत भरली."

कुणाला काही समजेना. तांबोळी खाली बघत सांगू लागले. लहानपणी त्यांची आई एकाच पातेल्यातली आमटी दोन भावांना दोन वाट्यांत वाढायची, आणि धाकटा रोज भांडायचा की भाईजानची वाटी जास्त चवदार आहे. आई वाट्या बदलून द्यायची. तरी भांडायचाच, परत तीच तक्रार. "धाकटा म्हणजे मीच," तांबोळी म्हणाले. "म्हणून म्हटलं, बघावं. जीभ किती खरं बोलते ते."

सर खुर्चीवरून उठले. त्यांनी चिठ्ठ्यांचा कागद स्वतःकडे ओढला आणि बोटाने तीन आकडे दाखवले. तीच मालदांडी, त्याच दहा माणसांनी, त्याच दुपारी खाल्लेली. एकदा तीन पूर्णांक नऊ, एकदा तीन पूर्णांक पाच. आणि आमची सातशेअकरा बरोबर दोघींच्या मधे बसलेली.

"ढोबळे, आपण हरलो नाही," सर म्हणाले. "जिंकलोही नाही. खाणाऱ्याला फरकच कळत नाहीये."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. सव्वापट पिकणारी ज्वारी, आणि खाणाऱ्याला ती मालदांडीहून वेगळी कळत नाही! याहून जास्त मागायचं तरी काय? मालदांडीला हरवायची आम्हाला कधी गरजच नव्हती. हरवायची हौस होती, ती माझी.

तांबोळींचे हात सरांनी दोन्ही हातांत धरले. पन्नाशीचे हेडक्लार्क लहान मुलासारखे लाजले. सुगलाबाईंना मी सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, म्हंजे माझा हात सारखा चालला म्हणा की. त्यांच्या दृष्टीने निकाल तो होता, आणि खरं तर तोही होताच.

नवा अहवाल मी लिहिला. त्यात पहिल्या चाचणीवर एक अख्खं पान घातलं: कशी घेतली, कशी फसली, कुणामुळे फसली. 'कुणामुळे'पुढे माझं नाव. समितीतल्या काहींनी त्यावर नाकं मुरडली. असल्या पोरकट गोष्टी अहवालात कशाला, असं एकाने विचारलंही म्हणे. पण अध्यक्षांनी तांबोळींची युक्ती लिहून घेतली आणि हीच चाचणी आणखी दोन ठिकाणी, याच पद्धतीने करायला सांगितली. म्हणजे एक वर्ष गेलं. सर निवृत्त झाले तेव्हा सातशेअकराला मान्यता नव्हती. ती पुढच्या वर्षी मिळाली, दोन्ही ठिकाणी 'फरक नाही' असाच निकाल आल्यावर. मी केंद्राची प्रमुख झाले, निवृत्तही झाले. माझ्या स्वतःच्या वाणांच्या चाचण्यांच्या दिवशी मी चारदा फाट्यावर जाऊन बसले, शेंगांची पुडी घेऊन. कंडक्टर बदलले, प्रश्न तोच.

पण मला सारखा आठवतो तो मेअखेरचा दिवस. सरांचा निरोपसमारंभ झाला, हारतुरे झाले, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर सुगलाबाई फडक्यात गुंडाळलेली एक गरम भाकरी घेऊन आल्या, वर मिरचीचा ठेचा. भाजताना मी त्यांच्याशेजारीच होते, त्यामुळे पीठ कुठलं ते मला ठाऊक होतं.

"सायेब, खावा. कुठली ते सांगनार न्हाई," सुगलाबाई म्हणाल्या.

सरांनी भाकरी मोडली. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मग मान वर केली, आणि माझ्याकडे बघणार एवढ्यात मी पाठ फिरवली. त्यांचं खाणं संपेस्तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

"चांगली झालीय," सर म्हणाले. कुठल्या पिठाची, ते त्यांनी विचारलं नाही.